डोमाची पहिली कॅसेट

टेप फिरू लागली आणि ड्रमच्या काड्या धरलेले डोमाचे हात वरचे वरच राहिले. ऑर्गनवर लालसू, क्लॅरोनेटवर बिरजू, दोघांचे डोळे डोमाकडे. डोमाचे डोळे समोरच्या भिंतीकडे. तिथे काहीच नव्हतं.

"सुरू करा ना, डोमाभाऊ," सरफराज म्हणाला. चंद्रपुरातली ही रेकॉर्डिंगची खोली त्याची. "कॅसेट तुमच्या नावाची. आज पार्टीचे मुखिया तुमी."

आली का पंचाईत! डोमाची सारी हयात झाडीपट्टीच्या नाटकात, स्टेजच्या खाली बसून ड्रम वाजवण्यात गेली. वर कोणी थप्पड मारली की खाली याचा दणका. वर कोणी रडलं, पळालं, मेलं, की याच्या काड्या त्याच्यामागे. आपण होऊन सुरू करायची वेळ कधी आलीच नव्हती.

"मी सुरू कवाच केलो नाई गा," तो म्हणाला. "समोरचा बोलला का मी जवाब देतो."

उद्यापासून नाटकांचा हंगाम. लालसू एका मंडळात जाणार, बिरजू दुसऱ्या. आज झाली तर कॅसेट, नाही तर राहिलीच. सरफराजनं कपाळावर हात मारला.

कोपऱ्यात डबा घेऊन बसलेली डोमाची बायको, गुणाबाई, हे ऐकत होती. जवाब देतो म्हणे! तिचं डोकंच फिरलं. एक प्रश्न ती गेल्या हंगामापासून उरात घेऊन होती. विचारला की हा माणूस उठून अंगणात जायचा. ती तरातरा आली आणि नवऱ्याच्या पुढ्यात उभी राहिली.

"मंग मले द्या जवाब. आपल्या शेवंताची बिदाई होती, तवा तुमी कुठी होते?"

डोमाच्या काड्या ड्रमवर पडल्या. अगदी हळू.

"अक्षता पडल्या का मंडळाच्या गाडीत बसले. लोकाईनं तिकिटं काढली होती, मान्य. मुलचेऱ्यात नाटकातल्या पोरीची बिदाई वाजवली म्हणे. बाया रडल्या म्हणे. आन इथी माही पोरगी बापाची वाट पाहून राह्यली होती, तिचं काय?"

ती थांबली की ड्रम बोले. ती चढली की तोही चढे. लालसूनं सूर धरला, मागोमाग बिरजूनं. गुणाबाईला त्या वाजवण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. हा माणूस आज उठून गेला नाही, एवढं मात्र कळलं. ती बोलतच राहिली. डोमाची मान खाली होती आणि ड्रमवर टपटप पाणी पडत होतं.

मग काड्या थांबल्या.

"क्या बात है!" सरफराज ओरडला. "जमलं, डोमाभाऊ! फकत बाईचा आवाज आला मधी. आता बाई चूप बसतीन, आपण एक डाव पुन्हा घेऊ."

"राहू दे तसंच," डोमा म्हणाला. "पुन्हा कसा वाजवू, भाऊ? बिदाई झाली, पोरगी गेली ना आता सासरी."