कासवाचं कुंकू

बायनाबाईचं कासव आंधळं झालं होतं. नवऱ्याला नांगरताना सापडलेलं ते. नवरा गेला, कासव राहिलं. आता ती मेथीचं पान त्याच्या तोंडाला टेकवून भरवायची. शेळ्यांना लस टोचायला सोनपेठहून आलेल्या डॉक्टरनं कासवाच्या चिकटलेल्या पापण्या उघडून बघितल्या. “मावशी, डोळ्यांत काय घालता?” “काय बी न्हाई, सायब. रोज पूजा करते, कुंकू लावते. माझ्या कपाळाला आता चालत न्हाई, म्हून ह्याच्या. मान वर करून लावून घेतंय, मगच खातंय.” डॉक्टरनं पापणीतली लाल भुकटी बोटावर घेऊन तिला दाखवली. “ह्या कुंकवानंच डोळे गेले. आता लावू नका.” दुसऱ्या दिवशी तिनं पूजेच्या ताटलीत नुसती मेथी नेली. ताटली फरशीवर वाजताच कासवानं मान लांब केली आणि कपाळ वर धरलं. तिनं पान तोंडाला टेकवलं. ते तोंडच उघडेना.