माणशी खर्च

दादाने टीव्हीवर अ‍ॅमस्टरडॅमच्या घराचा फोटो लावला आणि सगळ्यांकडे असं पाहिलं, की जणू ते घर त्यानेच बांधलंय.

"दोन बेडरूम, छोटं किचन, ट्राम अगदी दारात. आणि हा बघा हॉलमधला सोफा. इथे बेबी."

बेबी म्हणजे त्याची धाकटी बहीण. पन्नाशी उलटली तरी या घरात ती बेबीच. हॉस्पिटलात तिचा आवाज ऐकला की रेंगाळणारे वॉर्डबॉय कामाला लागत. आज रात्रपाळी संपवून ती थेट इकडे आली होती आणि जेवणं झाल्यापासून तिचे डोळे मिटत होते. सोफा बघून ते टक्क उघडले.

"आखूड दिसतोय रे," ती म्हणाली.

"अगं, पाय जरा दुमडले की माणूस आरामात मावतं." दादाने पुढचा फोटो लावला. "ब्रुसेल्सला तर मजाच आहे. भिंतीतून ओढायचा पलंग! तोही किचनमध्ये. सकाळी उठल्या उठल्या चहा टाकायला तुला सोपं."

दादाची लेक मनी खुदकन हसली. तिचा नवरा फोनमध्ये डोकं घालून बसला होता. वहिनी टेबल पुसत होती. तिचा हात जरा थांबला आणि पुन्हा चालू लागला.

युरोपच्या सहलीची दादाची तयारी चोख होती, यात वादच नाही. तीन आठवडे, पाच शहरं, आणि खर्च इतका खाली आणलेला की ट्रॅव्हल कंपनीवाल्यांनी कपाळाला हात लावला असता. हॉटेल नाही, टॅक्सी नाही, जमेल तिथे बस. जे काही होईल ते पाच जणांत सारखं वाटायचं. बेबीने आपला वाटा सगळ्यांच्या आधी दिला होता. ड्यूटीरूममधल्या लॉकरच्या दाराला आतून तिने नकाशाही चिकटवला होता. एप्रन काढता काढता ती रोज त्यावरून बोट फिरवत असे.

"आणि डब्लिनच्या बोटीवर?" तिने विचारलं. "तिथे मी कुठे?"

"रात्रीची बोट आहे ना, केबिन चौघांची. तू वर खुर्चीत. मागे कलते गं ती. आणि तुला काय, रात्र रात्र खुर्चीत काढायची सवयच आहे."

बेबीच्या डोक्यात तिडीक गेली. खुर्चीत रात्र काढायचा तिला पगार मिळत होता. इथे ती पदरचे पैसे मोजून बसणार होती.

जावयाने मान वर केली. "बाबा, मी झोपतो ना सोफ्यावर. आत्या आणि मनी एका खोलीत..."

"छे छे! तुम्ही काय सोफ्यावर!" दादा खुर्चीतून अर्धा उठला. "काहीतरीच! पाठ धरेल तुमची."

बेबीने कप खाली ठेवला. जरा जोरातच.

"आणि मला पाठ नाही का रे, दादा?"

"आता तू नको सुरू होऊस. दोन जोडपी, दोन खोल्या. सरळ हिशेब आहे. तुला एकटीला खोली कशाला लागते?"

"तुला लागते त्याचसाठी. दार लावून झोपायला."

बेबीचे कान रागाने तापले होते. इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम घशाशी आलं होतं.

"पैसे माणशी आणि खोल्या जोडप्यागणिक," ती म्हणाली. "वा रे वा! पैसे घेताना मी अख्खं माणूस, आणि झोपायची वेळ आली की उरलेलं सामान!"

"तीन बेडरूमची घरं घेतली तर दोन शहरं गाळावी लागतील!" दादाही भडकला. "सगळ्यांच्या आनंदावर विरजण घालायचंय का तुला?"

"मग गाळ. नाहीतर पाळ्या लाव. अ‍ॅमस्टरडॅमला सोफ्यावर तू, ब्रुसेल्सला किचनमध्ये जावईबापू, बोटीवर खुर्चीत मनी. माझी पाळी आली की मी निमूट झोपेन खुर्चीत. पण पाळी आल्यावर. मी येणारच आहे, दादा. पैसे परत नाही मागत. पलंग मागतेय."

"झोप झालेली नाही तुझी, म्हणून ही चिडचिड." दादाने हात झटकला. "जा, पड जरा. मग बोलू."

सोफ्यावर चादर आणि उशी आधीच येऊन पडली होती. वहिनीने सवयीने ठेवली होती. बेबी इथे आली की दुपारी तिथेच लवंडायची, टीव्हीच्या आवाजात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत. ती उठली, सोफ्यापाशी गेली, उशी उचलली. ती तिने दादाच्या मांडीवर ठेवली आणि सरळ त्याच्या बेडरूममध्ये शिरली. आतून कडी लागली.

"अगं ए बेबी!" दादाने दारावर थाप मारली. "मला पडायचंय! बेबी!"

आतून पंखा सुरू झाल्याचा आवाज आला. बाकी काही नाही. उशी काखेत धरून दादा वहिनीकडे वळला.

"बघितलंस हिचं? आता मी कुठे पडू?"

वहिनीने टीव्ही बंद केला. सोफ्यावरची चादर झटकली आणि नीट अंथरली.

"पाय जरा दुमडा," ती म्हणाली. "माणूस आरामात मावतं."