चादरींचं रीळ

नवव्या रिळाच्या डब्यावरचा आकडा बाबांच्या हातचा होता.

भिंगवालीने तो बघताक्षणी ओळखला. बाबा नऊ असा काढत, की त्याचं शेपूट खालच्या ओळीत लोळायचं. चित्रपट-संग्रहालयात तिला सगळे भिंगवालीच म्हणत, कारण गळ्यातलं भिंग ती जेवतानाही काढत नसे. जुन्या फिल्म डोळ्यांत तेल घालून तपासायच्या, हे तिचं काम. बाबा एकेकाळी थिएटरात ऑपरेटर होते, तेव्हा त्यांच्या हातचा डबा कधीतरी समोर येणारच होता. तो नेमका या चित्रपटाचा निघेल, असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

चित्रपट एका थोर दिग्दर्शकाचा. त्यांचे बाकीचे सगळे चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतले, हा एक पन्नास वर्षांपूर्वी सपशेल आपटला. आठव्या रिळात नायिका मरते आणि नवव्या रिळात गच्चीवर खुशाल चादरी वाळत घालते. बाई मेल्याचं दिग्दर्शक विसरले वाटतं, असं तेव्हा छापून आलं होतं. आता वारं फिरलं होतं. एका अभ्यासकाने त्याच शेवटावर चाळीस पानं लिहिली होती, आणि मेलेलं माणूस असं बिनबोभाट परत आणायची छाती दुसऱ्या कुणाची होती का, असं तो चहावाल्यालासुद्धा विचारत होता. पुढच्या महिन्यात चित्रपट पुन्हा दाखवायचा होता. आणि ही एकच प्रत उरली होती.

तिने फिल्म उलगडली. डब्यावर नऊ, पण पट्टीच्या सुरुवातीला छापलेला आकडा आठ. मरणाच्या रिळावर छापलेला आकडा नऊ. म्हणजे रिळांची अदलाबदल झाली होती, आणि तीही चुकून नव्हे. मरणाच्या रिळाच्या टोकाची 'समाप्त' ही अक्षरं कापून चादरींच्या रिळाला जोडली होती. सांधा इतका सफाईदार, की बोट फिरवूनही कळू नये. असा सांधा बाबांचाच. हे अहवालात लिहिलं, की शेवट पुन्हा मरणावर जाणार, अभ्यासकाच्या चाळीस पानांची रद्दी होणार, आणि एका थोर चित्रपटाची वाट लावणारा माणूस म्हणून ऐंशीव्या वर्षी बाबांचं नाव होणार.

खात्री करायला तिने चादरींचं रीळ टेबलावरच्या छोट्या पडद्यावर लावलं. आवाज बंद होता, नुसती यंत्राची घरघर. गच्ची. ऊन. दोरीवर पांढऱ्या चादरी. एक चादर फुगते, अलगद बाजूला सरते, आणि मागून एक बाई वळून बघते नि हसते.

भिंगवालीचा हात थांबला. ही तर आई.

आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. आईची एकच आठवण तिच्यापाशी होती, आणि ती हीच. गच्ची, ऊन, चादरी, वळून हसणं. त्या आठवणीत आई बोलत नसे, नुसती घरघर ऐकू येई. ते आईचं शिवणयंत्र असावं, असं ती आजवर धरून चालली होती. भिंतीवरच्या फोटोतली आई वेगळीच दिसायची. पण फोटो नीट आला नाही, असं म्हणून ती तो विषय संपवायची.

ती अर्धी रजा टाकून घरी गेली. बाबा खिडकीशी मटार सोलत बसले होते.

"बाबा, ती रिळं तुम्ही बदललीत?"

"बदलली की," बाबा म्हणाले. कोणत्या चित्रपटाची, हेही त्यांनी विचारलं नाही. "तुला सांभाळायला कुणी नव्हतं. केबिनमध्ये माझ्या पायाशी असायचीस आणि झरोक्यातून बघायचीस. रोज तीन खेळ. तीनदा ती बाई मरायची, आणि आई गेली, आई गेली करत तीनदा तू ऊर फुटेस्तोवर रडायचीस. एक दिवस मला बघवेना. चादरीवालं रीळ मागाहून लावलं. ती हसली आणि तू टाळ्या पिटल्यास. म्हणालीस, आई आली."

"आणि दिग्दर्शकांना कळलं नाही?"

"कळायला काय, त्याच खेळाला साहेब खाली बसलेले! तरातरा जिना चढून वर आले. माझी पाचावर धारण. म्हटलं, गेली नोकरी. तर त्यांनी तुलाच विचारलं, का गं हसतेस? तू झरोक्याकडे बोट केलंस. त्यांनीही वाकून झरोक्यातून पाहिलं. जाताना म्हणाले, 'राहू दे असंच. समाप्त तेवढं इकडे जोडून घ्या. बाकीच्या प्रतींतही असंच करायला सांगतो.'"

बाबांनी एक शेंग सोलली.

"चित्रपट पडला. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं, तरी ते मूग गिळून बसले. मी एकदा म्हटलं, साहेब, खरं काय ते सांगून टाका. तर म्हणाले, 'पोरीची आई एकदा गेली तेवढं पुरे.'"

"पण बाबा, ती आईच ना?" तिने विचारलं. "आपल्याच गच्चीवर शूटिंग झालं होतं ना?"

बाबांनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं.

"कुठली गच्ची, बाळा? आपण तळमजल्यावर राहायचो. तुझी आई ती फोटोतली."

दुसऱ्या दिवशी तिने अहवाल लिहायला घेतला. 'रिळांच्या क्रमात चूक आढळली का?' असा एक रकाना होता. 'नाही,' तिने लिहिलं. 'हा क्रम दिग्दर्शकांनीच ठरवला.' खाली सही केली. मग चादरींचं रीळ तिने पुन्हा एकदा लावलं, आणि आई वळून बघायची वाट बघत बसली.