नाळेचं मडकं

भाजीचे देठ, राख आणि शेळ्यांच्या लेंड्या घालघालून कार्सियेमने अंगणातली मुरमाड माती काळी, भुसभुशीत केली होती. बोट खुपसलं तरी गांडूळ वळवळायचं. मुलाचं, प्रायित्नोचं, लग्न ठरलं तसा तो तिच्या मागेच लागला.

"आई, पाहुणे येणार. हा उकिरडा बघून काय म्हणतील?"

"अरे, जिवंत माती आहे ती. तुझी नाळ पुरलीय तिच्यात."

"नाळेचं काय घेऊन बसलीस!" म्हणत त्याने कुंपणापर्यंत सिमेंट ओतून घेतलं.

पुढच्या वर्षी त्याला मुलगी झाली. जावा बेटावरच्या रितीप्रमाणे बापानेच नाळ मडक्यात घालून अंगणात पुरायची. मडकं छातीशी धरून तो सिमेंटवर नुसता उभा राहिला.



"आई, शेजारच्यांच्या अंगणात हातभर जागा मागून बघतेस का गं?"