घरातला भोंगा

भोंगा वाजला तेव्हा रंभाबाई पडवीत सुके बोंबील निवडत बसली होती.

ती कोणाला विचारायला थांबली नाही. सूप उचलून आत घेतलं, पडवीचं दार लावून कडी घातली. मग समुद्राकडची खिडकी, मग मागची. पाण्याच्या हंड्यावर झाकण, भाताच्या टोपावर ताट. दांडी गावात घर आणि पलीकडे तारापूरचं अणुवीजकेंद्र, तेव्हा एवढं शिकून घ्यावंच लागतं. मागच्या सरावात सगळ्यात आधी तिचं दार लागलं होतं आणि केंद्राच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पण आज सराव असल्याचं कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे आजचा भोंगा खरा.

दोन पंचे भिजवून ती आतल्या खोलीत धावली. तिथे तिचा नवरा आत्माराम आणि नात रूपल कम्प्युटरसमोर बसले होते.

"ओ, नाकाला लावा!" तिने एक पंचा आत्मारामच्या तोंडावर दाबला, दुसरा रूपलच्या.

"आजी, अगं थांब ना!" रूपल पंच्याआडून ओरडली. "आईचे फोटो जातील!"

तेव्हा रंभाबाईचं लक्ष पडद्याकडे गेलं. तो लालभडक झाला होता. नातीच्या पहिलीच्या पुस्तकावरून ती म्हातारपणी वाचायला शिकली होती, अक्षराला अक्षर लावून तिने वाचलं, "सं-ग-ण-क धो-क्यात आहे. ल-गेच येथे दाबा."

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून आत्माराम दर्यावर गेला नव्हता. त्याच्यासाठी रूपल होडीचा एखादा फुकटचा गेम शोधत होती. हिरवं बटण दिसलं, तिने दाबलं, आणि हे सुरू झालं. कम्प्युटर तिच्या आईचा, म्हणजे रंभाबाईच्या सुनेचा, हेमांगीचा. बोईसरच्या एका स्टुडिओचे लग्नाचे फोटो हेमांगी घरी बसून नीट करायची. पालघरच्या कोणाचं तरी अख्खं लग्न त्या डब्यात होतं. "वाटेल तिथून काही घेऊ नका," तिने बजावलं होतं. "फोटो गेले तर त्यांना काय परत बोहल्यावर उभं करू?"

"इथे दाबलं की नीट होईल," रूपल रडकुंडीला येऊन म्हणाली आणि तिने माऊस सरकवला.

पण रंभाबाईला आणखी एक गोष्ट आठवली होती. पंखा! पंखा बाहेरची हवा आत ओढतो. कुठलं बटण कशाचं हे बघायला वेळ कुठला; तिने सरळ मेन स्विच खाली पाडला.

पंखा थांबला. पडदा काळा झाला. भोंगाही थांबला.

"गेला," रंभाबाई समाधानाने म्हणाली.

"आजी, तो भोंगा कम्प्युटरमधूनच येत होता!"

"यातून?" ती त्या डब्याकडे बघत राहिली. "म्हणजे खोटा?"

"खोटा. आपण घाबरावं म्हणून लावतात."

रंभाबाई मटकन खाली बसली. "भोंग्याची पण नक्कल? मेल्यांना दुसरं काय सापडलं नाय?"

"आणि माझी होडी?" पंच्याआडून आत्माराम म्हणाला.

तेवढ्यात दार वाजलं. "आई, दिवसाढवळ्या कडी कशाला लावलीय?" रंभाबाईने कडी काढली तशी हेमांगी आत आली. बंद खिडक्या, झाकलेला हंडा आणि ओल्या पंच्यातली दोन तोंडं बघून ती दारातच थबकली. रूपलने एका दमात सगळं सांगितलं.

हेमांगी पुढे झाली. तिने मेन स्विच वर केला, कम्प्युटर सुरू केला. पडदा बराच वेळ काळाच राहिला. रंभाबाईला वाटलं, आपणच कोणाचं लग्न मोडलं की काय?

मग पडद्यावर मुंडावळ्या दिसल्या, आणि त्यांच्याखाली एक हसरा चेहरा.

"नवरी हाय ना जागेवर?" रंभाबाईने विचारलं.

"आहे. नवरापण आहे," हेमांगी म्हणाली आणि मग कुठे हसली. "रूपल, ते दुसरं बटण दाबलं असतंस तर चोराच्या हातात किल्लीच गेली असती. आईंनी मेन पाडला ते बरं झालं."

"मी तर पंखा बंद करत होते," रंभाबाई म्हणाली.

हेमांगीने आधी कम्प्युटर तपासून घेतला. मग रूपलला शेजारी बसवून दाखवलं. "फुकट मिळतं, नाही असं नाही. पण आधी गेम कोणी बनवला ते बघायचं, आणि त्याच्याच पानावर जायचं. नावाचं एकेक अक्षर वाचायचं, आजी वाचते तसं. जिथे दहा बटणं नाचतात तिथून उठायचं."

थोड्या वेळाने पडद्यावर निळं पाणी आलं. धक्क्याला एक लहानशी शिडाची होडी लागलेली. ओला पंचा गळ्यात तसाच ठेवून आत्माराम खुर्ची ओढून पुढे सरकला.

"हा बाण दाबा आजोबा, की निघाली."

आत्मारामने बोट बाणावर ठेवलं, पण दाबलं नाही. "वारा कुठला हाय?"

"यात वारा नसतो."

"वाऱ्याशिवाय शीड कसं धरायचं?"

रूपलने आईकडे बघितलं. आई खांदे उडवून चहा ठेवायला गेली. रंभाबाई उठली. खिडक्या अजून बंदच होत्या. तिने समुद्राकडची खिडकी सताड उघडली. खारा वारा खोलीत शिरला, आत्मारामच्या गळ्यातला पंचा फडफडला.

त्याने गालावर वारा घेतला, मान किंचित वळवली.

मग त्याने बाण दाबला.