बारा जणी

"राहू दे तसाच. भाऊ झकास दिसतायत," भाऊंचा कार्यकर्ता माझ्या खांद्यावरून मोबाईलमध्ये डोकावत म्हणाला.

इन्स्टाच्या स्टोरीला टाकायला घेतलेला आडवा फोटो मोबाईलने आपला आपणच मोठा करून ठेवला होता. स्क्रीनभर भाऊ, त्यांच्या हातात आम्ही जिंकलेली कबड्डीची ट्रॉफी, एका बाजूला माझा अर्धा कान आणि दुसऱ्या बाजूला मुस्कानचं कोपर. बाकीच्या दहा जणी गायब!

फायनलला शेवटची पकड करताना माझं बोट मोडलं होतं. पट्टीतून बाहेर आलेलं त्याच बोटाचं टोक आणि अंगठा मी स्क्रीनवर टेकवला आणि चिमटीत धरून फोटो लहान करत आणला. कळ पार मस्तकात गेली, पण एकेक पोरगी आत यायला लागली. सगळ्यात कडेला उभी असलेली आमची राखीव खेळाडू तनुजासुद्धा आली.

"अगं, भाऊ केवढेसे झाले! आणि वर-खाली त्या काळ्या पट्ट्या किती घाण दिसतायत. जर्सी कुणी दिल्या, विसरलीस काय?"

"आणि त्या घालून खेळलं कोण?"

तो तणतणत भाऊंना बोलवायला गेला. तोवर मी वरच्या काळ्या पट्टीत सहा नावं लिहिली, खालच्या पट्टीत सहा, आणि स्टोरी टाकून मोकळी झाले.

भाऊ आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी स्क्रीन दोनदा वाचली.

"पोरी, माझं नाव कुठाय?"

"जागा संपली, भाऊ."