पेरूतला दात

नंदुरबारच्या मिरचीपुढे साऱ्या जगाची मिरची म्हणजे गूळ, असं इद्रिसशेठ पथारीवर, मिरची वाळवायच्या मैदानात, उभं राहून गुजरातच्या व्यापाऱ्याला बजावत होते. मिरची चावून पारखायची आणि लालभडक थुंकायचं, हीच त्यांची ख्याती. “रगत शे ते, डॉक्टरले दखाडा,” बायको शहाबानो वर्षभर सांगत होती. “मिरचीना रंग शे,” हे त्यांचं उत्तर. तोंडाची आग शमवायला त्यांनी लोण्यासारखा पिकलेला पेरू चावला, आणि पुढचा दात पेरूतच राहिला. कळसुद्धा आली नाही. व्यापारी पांढराफटक पडला. शहाबानोने त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, “दात ठणठणीत होता. हिरड्या सुजून खालचं हाड झिजलं. बाकीचेही हलतायत. आज हिरड्या खोलवर साफ करू. रोज घासा, तंबाखू सोडा, मग वाचतील.” इद्रिसशेठ हातातला पेरू बायकोपुढे धरत म्हणाले, “शहाबानो, तेवढं त्या व्यापारीले सांग, पेरू कच्चा व्हता.”